सव्वापाचचा दिवा

"काका, आठ हजार फूट. त्याच्या वर एक फूटसुद्धा नाही. मला प्रॉमिस करा."

डॉक्टर हिमानीचं हे बोलणं ऐकून मनोहरराव देवतळ्यांना चार दिवस झाले होते, तरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला की ते पुन्हा कानात वाजायचं. आज त्यांनी लाल पेन घेऊन नकाशावर आठ हजार फुटांची रेघच ओढायला घेतली होती. ओढता ओढता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला हवं ते सगळं या रेघेच्या वरच्या अंगाला आहे.

हिमानी इथेच, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये जन्मलेली. रविवारच्या मराठी शाळेत तिला बाराखडी शिकवली ती मनोहररावांनीच. तेव्हा तिला तहान लागली तरी मराठीत सांगायची लाज वाटायची, नुसती रिकामी बाटली हलवून दाखवायची. आता तीच मुलगी त्यांच्या फुप्फुसांचे फोटो स्क्रीनवर लावून समजावत होती, की ही पांढरी जाळी दिसतेय ना, ती वाढतेय. हळूहळू, पण वाढतेय. इथे खाली काही प्रॉब्लेम नाही. पण उंचावर हवा विरळ, तिथे तुमचा ऑक्सिजन धाडकन खाली येईल.

"लिफ्टसारखा?" मनोहररावांनी विचारलं होतं.

"केबल तुटलेल्या लिफ्टसारखा."

"केबल तुटली तरी लिफ्ट पडत नसते, हिमानी. सेफ्टी ब्रेक असतो."

"काका, तुमचा सेफ्टी ब्रेक मी आहे."

 त्यांनी प्रॉमिस केलं होतं.

मनोहररावांनी एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. शिकागोतल्या आणि आसपासच्या गावांतल्या इमारतींत जायचं, मशीन रूममध्ये डोकं घालायचं, ब्रेक ओढून पाहायचे, सगळं ठीक असेल तर सर्टिफिकेटवर सही करायची. रोज कितीतरी मजले वर गेले आणि तितकेच खाली आले. पण जन्म नागपूरचा आणि संसार इलिनॉयमधला. दोन्हीकडे जमीन पोळपाटासारखी सपाट. पायांनी चढावं असं काही आयुष्यात वाटेत आलंच नाही. मग एकदा एका बँकेची लिफ्ट बंद करून ते लॉबीत पार्टची वाट पाहत बसले असताना, तिथल्या जुन्या मासिकात त्यांना व्हाइट माउंटनचा फोटो दिसला. कॅलिफोर्नियाच्या पार पूर्वेच्या कडेला, चौदा हजार फुटांच्याही वर. झाड नाही, झुडूप नाही, माणूस नाही. नुसता उघडाबोडका डोंगर, त्याच्यावरून वळणं घेत जाणारा कच्चा रस्ता, आणि अगदी माथ्यावर शास्त्रज्ञांनी बांधलेली एक छोटी दगडी खोली. गाड्यांसाठीच्या शेवटच्या फाटकापासून सात मैल चालत जायचं आणि सात मैल परत यायचं.

रस्ता आहे म्हणजे जाता येतं, असा त्यांनी सरळ हिशेब केला. रिटायर झाल्यावर जायचं ठरवलं. रिटायर झाल्यावर गुडघा आला, गुडघा बरा झाल्यावर घराचं छप्पर आलं, आणि शेवटी या ऑगस्टची तारीख ठरली तर हा फुप्फुसांचा फोटो निघाला.

"काय ओढताय एवढं?" रत्नाबाईंनी विचारलं. त्या खिडकीतल्या कुंडीतली तुळस खुडत होत्या.

"माझी सरहद्द." मनोहररावांनी पेनाचं टोपण लावलं. "अक्षतला फोन करून सांगतो, सगळं कॅन्सल कर म्हणून."

रत्नाबाईंनी तुळशीची पानं वाटीत ठेवली, हात पदराला पुसला आणि भाजी आणायला जाते म्हणावं तशा म्हणाल्या, "कॅन्सल कशाला? मी जाते की."

मनोहरराव हसले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं. पाणी पिऊन वर पाहतात तर बाई गंभीर.

"अगं, तू सदुसष्ट वर्षांची आहेस."

"आणि तुम्ही एकाहत्तर. तुम्ही जाणारच होता ना? तेव्हा नाही हसलात ते."

"तुला डोंगराची आवड तरी आहे का?"

"तुम्हाला आहे ना? मग झालं तर. अक्षत आणि आसावरी, मुलगा-सून दोघं आहेतच बरोबर. त्या दगडी खोलीच्या भिंतीला तुमच्या नावाने हात लावून येते. शब्द दिला." आणि त्या कुकर लावायला गेल्या. शिट्टी झाल्यावर त्या विषयावर पुन्हा बोलल्याही नाहीत. त्यांच्या लेखी ते ठरलं होतं.

मनोहररावांनी मात्र रात्रभर विचार केला आणि सकाळी फाइलवर नवं लेबल चिकटवलं. आधी नुसतं 'व्हाइट माउंटन' होतं. त्याखाली त्यांनी लिहिलं, 'प्रवासी : रत्ना'.

सपाट इलिनॉयमध्ये डोंगराचा सराव कुठे करायचा, हा पहिलाच प्रश्न. मनोहररावांनी तो सोडवला. दक्षिणेला तासाभराच्या ड्राइव्हवर एका जंगलात बर्फातल्या घसरगुंडीसाठी बांधलेल्या जुन्या दगडी पायऱ्या होत्या, सव्वाशेच्या आसपास. तिथे घाम गाळायला तरुण मुलंमुली कानात गाणी घालून यायची. त्यांच्यात आता पंजाबी ड्रेस, डोक्यावर बेसबॉलची टोपी आणि पायांत जाड बूट घातलेल्या रत्नाबाई दिसू लागल्या. पाठीवरच्या पिशवीत तांदळाची पाच पौंडांची पिशवी. मनोहरराव खाली बाकावर स्टॉपवॉच घेऊन बसायचे.

"तिसरी फेरी चार मिनिटं वीस सेकंद! मागच्या वेळेपेक्षा स्लो!"

"तुम्ही बसून बोलू नका हो," वरून आवाज यायचा, "माझं रामरक्षेत चुकतं."

त्या स्टॉपवॉचवर चालायच्याच नाहीत. वर जाताना एक रामरक्षा, उतरताना मारुतीस्तोत्र, असं त्यांचं गणित होतं. आठवड्याभरात तिथली मुलं त्यांना हाय म्हणू लागली. एक दांडगा मुलगा रोज खाली उतरताना टाळीसाठी तळहात पुढे करायचा. पहिल्या दिवशी रत्नाबाईंनी त्याला प्रसाद हवा असावा असं समजून हातावर खडीसाखर ठेवली. तेव्हापासून तो रोज मागून घ्यायचा.

एवढं सगळं छान चाललं असताना अडलं ते दिव्यापाशी.

रत्नाबाईंचा एक नेम होता. सकाळी अंघोळ करून देवापुढे तुपाचा दिवा लावल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. अक्षत सातव्या महिन्यात जन्मला आणि छत्तीस दिवस काचेच्या पेटीत राहिला, तेव्हा त्यांनी तो धरला होता. अक्षत आता एकेचाळीसचा, सनीव्हेलमध्ये चिप डिझाइन करणारा, पोट सुटलेला गृहस्थ. पण नेम चालूच होता. एकदा बर्फाच्या वादळात तीन दिवस वीज नव्हती, तरी दिवा होताच. भारतात जाताना विमानात दिवा लावता येत नाही, म्हणून उतरून घरी पोहोचेपर्यंत एकोणीस तास त्या कोरड्या राहिल्या होत्या. मनोहररावांनी आयुष्यात देवापुढे हात जोडले नाहीत आणि बायकोला अडवलंही नाही. फक्त चिडवायचे. तळघरात घर तापवणाऱ्या फर्नेसमध्ये कायम जळणारा एक पायलट लाइट आणि देवघरात दुसरा, असं पाहुण्यांना सांगायचे.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अक्षत सामानाची यादी वाचून दाखवत होता. "स्टोव्ह नाही घेत आहे. कोल्डच खायचं सगळं. या सीझनला तिथे फायर बॅन आहे, आई. काडीसुद्धा पेटवायची नाही. सगळं सुकलेलं असतं, एक ठिणगी आणि डोंगर गेला."

"मग सकाळचा दिवा?" रत्नाबाई म्हणाल्या.

 अक्षतने आसावरीकडे पाहिलं.

"आई, माझ्याकडे दिवाळीतले ते बॅटरीवाले आहेत," आसावरी हळूच म्हणाली. "अगदी खऱ्यासारखे हलतात."

"खऱ्यासारखे हलतात म्हणून खरे होतात का गं?" रत्नाबाई हसल्या. "असू दे. नियम आहे तर आहे. जंगल जाळून कसला आलाय नेम? मी पाणी न पिता चढेन. खाली आले की लावेन."

"आई, नो! चौदा मैल! वर थेंबभर पाणी नाही, ऊन डायरेक्ट लागतं. दर अर्ध्या तासाला प्यावं लागतं. तू पडशील तिथे!"

"पडले तर तू आहेस ना? छत्तीस दिवस कोणी तहान-भूक विसरून बसलं होतं तेव्हा तू उठून बसलास."

 अक्षतने "बाबा, तुम्ही बोला" म्हणून हात टेकले.

मनोहरराव बोलले. आधी समजावून, मग आवाज चढवून. हिमानीलाही फोन लावला. तिने स्पीकरवर सांगितलं, "काकू, पाणी नाही तर माउंटन नाही. दोन्हींतलं एक." रत्नाबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि देवाला दिलेला तर नाहीच. आता मधला रस्ता काय, ते तुम्ही इंजिनियर लोकांनी शोधा."

तीन दिवस टेबलावर नकाशा उघडला नाही. पायऱ्यांवरही कोणी गेलं नाही. मनोहररावांनी फाइल कपाटात ठेवली आणि गॅरेजमधली आधीच झाडलेली जागा पुन्हा झाडली. त्यांना राग कोणाचा यावा हेच कळत नव्हतं. बायको त्यांच्यासाठी तर चालली होती! तिला तहानेने मारून भिंतीला हात लावून घ्यायचा, एवढा काही तो डोंगर मोठा नव्हता. पण रात्री डोळा लागला की तो उघडाबोडका रस्ता दिसायचा आणि वळणावर बेसबॉलची टोपी.

चौथ्या दिवशी सकाळी रत्नाबाई देवघरात वाती वळत होत्या. मनोहरराव चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले. आत यायची त्यांना सवय नव्हती.

"एक विचारू? तू अक्षतच्या वेळी हॉस्पिटलमध्ये होतीस. तेव्हा घरी दिवा कोणी लावला?"

"सुमेधावन्संनी. राहायला आल्या होत्या ना."

"आणि तू पाणी पीत होतीस?"

"हो. त्यांचा फोन आला की प्यायचे. घरातल्या कोणीही लावला तरी चालतो. दिवा घराचा असतो, माझ्या एकटीचा थोडाच?"

मनोहरराव चहाचा एक घोट प्यायले. "मग मी घरातला आहे की पेइंग गेस्ट?"

रत्नाबाईंचा हात थांबला. वात अर्धवट वळलेली, तशीच बोटांत. "तुम्ही? तुम्ही लावणार?"

"मी तसाही खाली पायथ्याच्या बिशप गावातल्या मोटेलमध्ये बसून राहणार आहे. चार हजार फूट, हिमानीची परवानगी आहे. वेळ ठरवू. सव्वापाच. सव्वापाचला मी खाली दिवा लावतो, तू वर पाणी पी आणि निघ."

"तिथे फोन लागत नाही. तुम्ही लावला की नाही, मला कळणार कसं?"

"नाही कळणार."

 मग रत्नाबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा विश्वास नसला तरी चालेल. देव काही तुमची परीक्षा घ्यायला बसलेला नाही. पण लावला नाही आणि लावला असं म्हणालात, तर ते मला चालणार नाही."

"रत्ना, एकतीस वर्षांत मी न बघता एकाही सर्टिफिकेटवर सही केली नाही. एका लग्नघराची लिफ्ट बंद केली होती, नवरी सहा मजले चढून गेली, शिव्या देत. आठवतंय ना?"

"आठवतंय. तिच्या आईने मला डेव्हन ॲव्हेन्यूच्या बाजारात गाठून ऐकवलं होतं." त्या हसल्या आणि वात पुरी केली. "बरं. पण अंघोळ करून. आणि चहाच्या आधी."

मनोहररावांनी हातातल्या कपाकडे पाहिलं. "चहाच्या आधी? ही अट आधी सांगायला हवी होती."

मग उलटी शिकवणी सुरू झाली. आता स्टॉपवॉच रत्नाबाईंच्या हातात. मनोहररावांची पहिली वात दोरखंडासारखी झाली, दुसरी तुपात विरघळल्यासारखी दिसेनाशी झाली. "लिफ्टची केबल वळताय का?" रत्नाबाई म्हणाल्या. पाचव्या दिवशी एक वात पंधरा मिनिटं जळली. मनोहररावांनी ती लगेच नमुना म्हणून बाजूला काढायला सांगितली, तोवर ती संपली होती. तरीही त्यांनी त्या दिवशी जेवताना दोनदा तिचा विषय काढला.

"काय म्हणायचं असतं लावताना?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्हाला जे येतं ते."

"मला काही येत नाही."

"मग गप्प बसा. तेही चालतं."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ते सनीव्हेलला पोहोचले. तिथून डोंगराकडे जाणारा जवळचा घाट दहा हजार फुटांच्या घरातला. म्हणजे मनोहररावांच्या लाल रेघेच्या वर. त्यांनी आधीच दक्षिणेकडून वळसा घालणारा रस्ता आखून ठेवला होता, प्रत्येक खिंडीची उंची बाजूला लिहून. बिशपपर्यंतचा सहा तासांचा प्रवास साडेनऊ तासांचा झाला. "बाबा, तुमच्यासाठी आम्ही अर्धं कॅलिफोर्निया ड्राइव्ह करतोय," अक्षत कुरकुरला. "तुझ्यासाठी आम्ही अख्खं आयुष्य ड्राइव्ह केलं," मागून रत्नाबाई म्हणाल्या, आणि आसावरीने हसून सगळ्यांना तिखटमिठाच्या पुऱ्या वाटल्या.

वरच्या हवेची सवय व्हावी म्हणून तिघं रोज थोडं थोडं वर जाऊन येत. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी दुपारी ते तिघं फाटकापाशी गाडीतच मुक्काम करायला निघाले. मनोहररावांनी गाडीचे टायर तपासले, पाण्याच्या बाटल्या मोजल्या, रत्नाबाईंच्या बुटांच्या नाड्या स्वतः बांधून दिल्या.

"सव्वापाच," ते म्हणाले.

"सव्वापाच," त्या म्हणाल्या. "आणि खोटा उत्साह नको. दम लागला तर बसा. पाच मिनिटं इकडे तिकडे झाली तर देव घड्याळ लावून बसलेला नाही."

"तू बसली असशील ना पण."

 रत्नाबाईंनी गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्यांची कॉलर सरळ केली. गाडी निघाली. धूळ बसेपर्यंत मनोहरराव मोटेलच्या अंगणात उभे होते.

मोटेलच्या खोलीत ज्योत पेटवायला बंदी होती. ते त्यांनी आल्या दिवशीच भिंतीवरच्या पाटीवर वाचलं होतं आणि काउंटरवरच्या बाईला जाऊन विचारलं होतं. तिला आधी वाटलं, यांना सिगारेट ओढायची आहे. फुप्फुसं खराब असलेल्या माणसाने आणखी किती स्पष्ट करून सांगावं! शेवटी मनोहररावांनी फोनमधला घरच्या देवघराचा फोटो दाखवला. बाई बराच वेळ तो मोठा करून पाहत राहिली. मग तिने मागच्या अंगणातली, विटांनी बांधलेली मांस भाजायची जागा दाखवली. मनोहररावांनी 'नको' म्हटलं. का नको, हे त्या बाईला कळलं नाही, पण तिने लगेच पलीकडचा रिकामा सिमेंटचा चौथरा दाखवला. तो त्यांनी वारा कुठून येतो, गवत किती लांब आहे, हे सगळं पाहून पास केला. संध्याकाळी पाण्याची बादली भरून जवळ ठेवली.

पहाटे चारला ते गजराच्या आधी उठले. अंघोळीच्या गरम वाफेने दम लागला. टॉवेल गुंडाळून पलंगाच्या कडेला बसले आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. अठ्ठ्याऐंशी. सहीची घाई करायची नाही, असं स्वतःला सांगत बसून राहिले. नव्वद. एक्क्याण्णव. खोलीतलं कॉफीचं मशीन समोरच होतं, पांढरे कागदी कप त्याच्याशेजारी उपडे. त्यांनी तिकडे पाठ केली आणि धुतलेला सदरा घातला.

वर आता ती उठली असेल. थंडी असेल. अक्षत पाण्याची बाटली पुढे करत असेल आणि ती मनगटावरचं घड्याळ दाखवून थांब म्हणत असेल. सदुसष्ट वर्षांची बाई, कोरड्या ओठांनी, एका माणसाच्या बोलण्यावर बसलेली. इथे कोणी पाहणारं नव्हतं, विचारणारं नव्हतं.

ताटलीत त्यांनी निरांजन ठेवलं, स्वतः वळलेली वात तुपात नीट बुडवली, टोक थोडं वर काढलं. काडेपेटी खिशात टाकली. चपला घालायला गेले आणि मग राहू दिल्या.

दार उघडलं तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. पूर्वेला डोंगराची लांब कड नुकती वेगळी होऊ लागली होती. तिच्यातला माथा कुठला, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं. मग ताटली दोन्ही हातांत धरून, दर दहा पावलांवर थांबत, सिमेंटच्या गार फरशीवरून अनवाणी मागच्या अंगणाकडे निघाले.